रद्दीच्या लगद्याच्या विटांनी गच्चीवर खोली बांधता येईल का?

घणसोली गावठाणातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या घरी शिकवण्या घेतात. दहा-बारा वर्षांच्या उत्तरपत्रिका, वर्तमानपत्रं आणि पुठ्ठे मिळून साधारण तीनशे किलो रद्दी साठली आहे. गच्चीवर पत्र्याची शेड आहे आणि तिच्याखाली मुलांसाठी दहा बाय दहाची अभ्यासाची खोली काढायची आहे. स्लॅबवर वजन नको, म्हणून रद्दीचा लगदा सिमेंटमध्ये मिसळून विटा घरीच पाडायचा विचार आहे. प्रमाण काय धरायचं, पावसात टिकतील का, वाळवी लागेल का आणि भिंत भार घेईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, खोली होईल. पण चारही भिंती या विटांच्या करू नका, आणि छताचा भार तर एकाही भिंतीवर टाकू नका. कोणती भिंत करायची नि कोणती सोडायची हे कळण्यासाठी आधी ही वीट कोणत्या जातीची आहे ते बघू.

मी वागळे इस्टेटपासून घोडबंदरपर्यंतच्या साइटवर सुपरवायझर म्हणून उमेदीची वर्षं काढली, आणि २००८ पासून लगद्याच्या विटा स्वतः पाडतो आहे. सिमेंट घातलंय म्हणून आपण या विटेला काँक्रीटच्या घराण्यातली समजतो. ती वागते मात्र लाकडासारखी. करवतीने कापता येते, स्क्रू धरते, हातोडा मारला तर तुकडे न होता दबते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. सतत भार ठेवला तर महिनोन्महिने हळूहळू बसत जाते. वाळवीला आवडते. पटकन पेट घेत नाही, पण एकदा निखारा लागला की आतल्या आत धुमसत राहते. लाकडाचं दार आपण पावसात उघडं टाकत नाही, मातीत पुरत नाही, शेगडीला टेकवत नाही. तेवढी काळजी या विटेची घेतली की ती वर्षानुवर्षं काही तक्रार करत नाही. ठाण्यातल्या एका घरात मी २०११ साली केलेली आतली भिंत आजही तशीच उभी आहे, तिच्यावर पुस्तकांच्या फळ्या आहेत.

कागद म्हणजे शेवटी लाकडाचेच धागे. लगदा करताना ते सुटे होतात, वाळताना पुन्हा एकमेकांत गुंततात, आणि सिमेंट त्यांच्यावर पातळ कवच चढवतं. मधल्या पोकळ्यांत हवा राहते, म्हणून वीट हलकी होते आणि उन्हाची धग आत यायला वेळ लागतो. त्याच पोकळ्यांतून पाणीही शिरतं. पूर्ण वाळलेली वीट चोवीस तास बादलीत बुडवून पुन्हा तोला. वजन निम्म्याहून जास्त वाढलेलं दिसेल. भाजलेल्या साध्या विटेला भारतीय मानकात वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतच पाणी प्यायची मुभा आहे.

आपल्याकडे ही गोष्ट विटेच्या जिवावर बेतते, कारण जून ते सप्टेंबरमध्ये ठाण्यावर सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या विटांची नावाजलेली घरं बहुतेक अमेरिकेत न्यू मेक्सिको, ॲरिझोना अशा कोरड्या मुलखात आहेत. तिथलं पाहून इथे जसंच्या तसं करायला गेलं की फसायला होतं. २००९ च्या मार्चमध्ये मी कळव्याला ओळखीच्यांच्या घरामागे न्हाणीघराला लागून आठ फुटी भिंत घातली. पाणी शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी चांगला जाड वॉटरप्रूफ रंग दिला. जुलैपर्यंत सगळं ठीक होतं. ऑगस्टमध्ये खालचा गिलावा पोट काढल्यासारखा फुगला. गणपती झाल्यावर तो खरवडला, तर खालचे तीन थर भिजलेल्या पावासारखे बोटाने निघत होते आणि आत काळी बुरशी पसरली होती. पाणी बाहेरून आलंच नव्हतं. न्हाणीघराच्या जमिनीतून ओल वर चढली आणि दोन्हीकडच्या रंगामुळे आतच कोंडली. ती भिंत मी दिवाळीनंतर माझ्या खर्चाने पाडली आणि तिथे काँक्रीट ब्लॉक लावून दिले. तेव्हापासून लगद्याची वीट जमिनीला टेकवायची नाही आणि तिची निदान एक बाजू श्वास घेती ठेवायची, हे मी पाळत आलो आहे.

कोकणातल्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागलं नसतं. मातीच्या भिंतीला ते मृगाआधी झावळ्यांची झड बांधायचे, जोतं दगडाचं करायचे आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील इतकी वळचण पुढे काढायचे. येऊरच्या पाड्यांवर कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून केलेले कूड पाहिलेत ना? तिथेही धागा आणि माती यांचीच जोडी आहे, आणि तो कूड टिकतो तो वरच्या छपरामुळे. माझी आजी मेथी भिजवून ती कागदाच्या लगद्यात कुटायची आणि जुन्या सुपांना, टोपल्यांना लिंपायची. त्या टोपल्या माझ्या लग्नापर्यंत वापरात होत्या, कारण त्या कायम घरात, कोरड्या जागी असत.

आता कागद. वर्तमानपत्र सगळ्यात सोपं, एका रात्रीत मऊ होतं. उत्तरपत्रिकांचा कागदही चांगला, फक्त टाचण्या आणि स्टेपल आधी काढा; लगद्यात हात घातल्यावर त्या बोटात जातात. पुठ्ठा चालतो, पण त्याचे थर बहुधा स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. ती खळ सिमेंटचं बसणं लांबवते आणि किड्यामुंग्यांना बोलावते, म्हणून पुठ्ठा एक चतुर्थांशाच्या वर घेऊ नका आणि तो वेगळा भिजवा. चकचकीत मासिकांत मातीचा लेप जास्त नि धागा कमी असतो. थोडी मिसळली तर चालतात. दुधाचे-ज्यूसचे डबे आणि कागदी कप घेऊ नका, त्यांना आतून प्लॅस्टिक असतं. दुकानातली बिलं, एटीएमच्या पावत्या हा गुळगुळीत कागदही नको, त्याच्यावर रसायनाचा थर असतो आणि तो लगदा तुम्ही हाताने मळणार आहात.

एक मनापासून सांगतो. तुमच्याकडे कोरे राहिलेले, पांढरे, सुटे कागद असतील तर ते रद्दीवाल्याला द्या. त्याचा पुन्हा कागद होतो, आणि चांगल्या कागदाचा पुन्हा कागद होणं हे त्याच्या विटा होण्यापेक्षा केव्हाही बरं. एकच धागा पाच-सात वेळा कागद होऊ शकतो, दर वेळी थोडा आखूड होत. विटांसाठी घ्यावा तो कातरलेला, पिवळा पडलेला, ज्याला रद्दीवाला नाक मुरडतो तो कागद.

भिजवायला दोनशे लिटरचं पिंप घ्या. त्यात बारा किलो कोरडा कागद फाडून टाका, वर दीडशे लिटर पाणी. कागद भिजवण्याआधीच तोला, कारण ओल्या लगद्याच्या वजनावर प्रमाण धरलं की दर घाण्याला सिमेंट कमी-जास्त होतं. नवशिक्यांच्या विटा बहुतेक इथेच बिघडतात. वर्तमानपत्राला एक दिवस, उत्तरपत्रिकांना दीड, पुठ्ठ्याला दोन-तीन दिवस. भिजवलेलं पाणी एकदा बदला. लाकडातली साखर त्यात उतरते आणि तीही सिमेंटला सुस्त करते. मे महिन्यात पिंप तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवलं तर वास मारायला लागतं. मूठभर चुना टाकलात तर आवरतं. मग रंग ढवळायची पाती लावलेलं ड्रिल मशीन घालून फिरवा, लगदा दलियासारखा दिसेपर्यंत. अक्षरं वाचता येतील एवढे तुकडे राहिले तर ते विटेत कच्चे राहतात आणि तिथून वीट सुटते. पाण्याजवळ वीज आहे, तेव्हा पायात रबरी चप्पल हवी आणि घरच्या बोर्डवर करंट लागताच तोडणारा ब्रेकर आहे ना, हे आधी बघा.

लगदा गाळायला वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या जाळीच्या गोण्या उत्तम. गोणीत भरा, टांगा, वर लाकडी फळी दाबा. मुठीत गोळा दाबला तर धार लागायला नको, थेंब टपकले पाहिजेत. लगदा फार ओला असला तर साच्यातून पाण्याबरोबर सिमेंटचं दूध वाहून जातं आणि खाली नुसता कागद उरतो.

माझं प्रमाण असं: कोरडा कागद १ किलो, सिमेंट दीड किलो, क्रशरची बारीक डस्ट (दगडाचा चुरा) १ किलो. डस्ट चाळून घ्या. खाडीची वाळू वापरू नका. तिच्यातल्या मिठाने पुढे भिंतीला लोणा फुटतो. बोअरचं पाणी खारट असेल तर तेही नको, घणसोलीत खाडी जवळ आहे म्हणून मुद्दाम सांगतो. सिमेंट आणि डस्ट आधी कोरडीच घमेल्यात एकजीव करा, मग लगद्यावर पसरत मळा. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. सिमेंटचा ओला क्षार दोन तासांत बोटांची सालं काढतो, आणि डस्ट चाळताना नाकातोंडाला मास्क हवा. शिकवणीच्या मुलांना मळायला बसवू नका. त्यांना कागद फाडायचं काम द्या, ते त्यांना आवडेलही.

बारा बाय सहा बाय चार इंचांचा बिनबुडाचा साचा करा, फर्मा प्लायचा आणि आतून तेल लावलेला. लगदा कोपऱ्यांत बोटांनी दाबून भरा, वर थापीने सपाट करा, साचा लगेच उचला. वीट किंचित बसेल, बसू द्या. अशा एका विटेला पाऊण किलो कागद, साधारण ११०० ग्रॅम सिमेंट आणि पाऊण किलो डस्ट लागते आणि वाळल्यावर ती पावणेतीन ते तीन किलोची होते. म्हणजे सिमेंटच्या एका गोणीत पंचेचाळीस विटा. दहा फूट लांब, नऊ फूट उंच भिंतीला १८० धरा: चार गोण्या सिमेंट, १३५ किलो कागद. तुमच्या तीनशे किलोत दोन भिंती निघतात. दोन पिंपं असली तर एका खेपेला तीस विटा होतात.

या हिशोबात एक गोष्ट लपलेली आहे, ती उघड सांगतो. एका घनमीटर विटांत २३० किलोच्या आसपास सिमेंट गेलं. हे काही थोडं नाही. ‘रद्दीपासून बनलेली, म्हणून पर्यावरणाला धार्जिणी’ असं मी कधीच म्हणत नाही. सिमेंट कमी करून पाहावं असं कोणालाही वाटेल, पण तसं केलं की वीट ओलीला आणि आगीला जास्त घाबरते. निम्मं सिमेंट घातलेल्या विटेवर मी ब्लो टॉर्च धरला होता. ज्योत काढल्यावरही ती रात्रभर आतून धुमसत राहिली आणि सकाळी मधे पोकळ झालेली सापडली.

वाळवणं हा खरा संयमाचा भाग. दिवाळीनंतर सुरू करा आणि शिमग्याआधी संपवा. पहिले दोन-तीन दिवस विटांवर प्लॅस्टिक झाका, कडक उन्हात टाकू नका. गवंडी म्हणेल, सात दिवस पाणी मारा. या विटेला पाणी मारायची गरज नाही, सिमेंटला लागतं तेवढं पाणी लगद्यानेच धरून ठेवलेलं असतं. तिसऱ्या दिवशी कडेवर उभ्या करा, दोन विटांत बोटभर फट ठेवून. मग दर रविवारी त्याच तीन विटा तोला आणि विटेवरच पेन्सिलने वजन लिहा. सलग दोन रविवार आकडा हलला नाही की वीट वाळली. जानेवारीत याला तीन-चार आठवडे लागतात. कोरडी वाटते म्हणून आधीच लावली तर ती भिंतीत आकसते आणि प्रत्येक सांध्यात केसाएवढी चीर जाते.

आता वजन, कारण तुमचा सगळा विचार तिथून सुरू झाला. चार इंची भाजक्या विटेची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासकट चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते. लगद्याची तेवढीच भिंत १०० ते १२०. फरक मोठा आहे. पण ती भिजली तर वजन बरंच वाढतं, म्हणून इंजिनिअरला हिशोब ओल्या वजनाने करायला सांगा. आणि ताई, बाजारात मिळणारे एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांनी हलके केलेले काँक्रीटचे ठोकळे) वजनाला जवळपास एवढेच असतात, दर चौरस मिलिमीटरला ३ ते ४ न्यूटन दाब सोसतात, आणि त्यांच्या मजबुतीची हमी कारखाना देतो. घरच्या विटेचा दाब घाण्यागणिक बदलतो आणि बहुतेक वेळा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. नुसतं वजन कमी करायचं असेल तर एएसी घ्या आणि मोकळे व्हा. लगद्याची वीट त्यांनी करावी ज्यांच्याकडे कागद पडून आहे, हात आहेत, हिवाळा मोकळा आहे. तुमच्याकडे तिन्ही दिसतात. शिवाय अभ्यासाच्या खोलीला तिचा एक फायदा आहे जो मला फार मोलाचा वाटतो: ती आवाज पिते. खाली टीव्ही चालू असला तरी वर शांत वाटतं.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. छताचा भार लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर आणि सांगाडा स्लॅबच्या बीमवर, तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन बघितल्यावर. गावठाणातल्या कित्येक स्लॅबमधल्या सळ्या खाडीच्या हवेने गंजलेल्या आहेत, आणि त्यावर हलकी भिंतसुद्धा जड ठरते. गच्चीवर भिंती आल्या म्हणजे महापालिकेची परवानगी आली, ती आधी घ्या. मग गच्चीवर सहा इंच उंचीचा काँक्रीटचा पट्टा, आणि त्यावर डांबरी फेल्ट. लगद्याची वीट त्याच्यावर. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिम अंगाची भिंत एएसीची करा. पूर्व आणि उत्तर लगद्याची, आणि पत्रा त्या बाजूंना निदान दोन फूट पुढे काढा. आपला भाग भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या पट्ट्यात मोडतो, तेव्हा भिंत सांगाड्याला दर तिसऱ्या थराला जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेने बांधा.

सांध्याला नेहमीचा सिमेंटचा माल वापरू नका, वीट त्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो. विटेचाच लगदा थोडा पातळ करून सेंटिमीटरभर जाड लावा. गिलाव्याआधी भिंतीवर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) ठोका, विशेषतः लोखंड आणि वीट जिथे भेटतात तिथे. बाहेरच्या गिलाव्यात चुना घाला: एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू. बाहेरून वॉटरप्रूफ रंग दिला तर चालेल, पण आतून फक्त चुन्याची सफेदी. आत ऑइल पेंट मुळीच नको.

वाळवीसाठी लोक टाकणखार (बोरॅक्स) थेट घाण्यात मिसळतात. तसं करू नका, त्यातलं बोरॉन सिमेंटचं बसणं फार लांबवतं. मी एकदा आठवडाभर साच्यातल्या चिखलाकडे बघत बसलो होतो. भिंत पूर्ण वाळल्यावर, गिलाव्याच्या आधी, गरम पाण्यात विरघळवलेल्या टाकणखाराचे दोन हात आतल्या बाजूने ब्रशने द्या. पावसात तो धुपून जातो, म्हणून बाहेरून उपयोग नाही. ताजं सिमेंट पहिली काही वर्षं वाळवीला दूर ठेवतं, पुढे हवेने त्याचा क्षार उतरतो. खालचा काँक्रीटचा पट्टा दर वर्षी बघत जा. वाळवी आली तर आधी तिथे मातीची रेघ दिसते. वायर पीव्हीसी पाइपातून न्या, स्विचचे बोर्ड लोखंडी डब्यात बसवा, आणि त्या खोलीत शेगडी किंवा इस्त्रीचं टेबल भिंतीला टेकवू नका.

हे सगळं करण्याआधी या नोव्हेंबरात फक्त बारा विटा पाडा. चार गच्चीवर पत्र्याखाली ठेवा, चार उघड्यावर, चार घरात. एका विटेवर दोन टोकांना आधार देऊन मधे तुम्ही स्वतः उभ्या राहून बघा, एकीवर मेणबत्ती धरून बघा, एक बादलीत बुडवा. बाकीच्यांचं वजन होळीला, मेच्या अखेरीस आणि पुढच्या गणपतीत लिहून ठेवा. पत्र्याखालच्या विटांचं गणपतीतलं वजन मेच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढलं असेल, तर तुमच्या गच्चीवर पावसाची झड आत येते आहे. मग आधी पत्रा पुढे काढावा लागेल. ती तीन वजनं मला कळवा, साच्याचं माप आणि पिंपातलं प्रमाण त्यावरून ठरवू.